दाराशी थांबलेला माणूस

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडून चारच दिवस झाले होते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे म्हणून आम्ही संगणकाच्या खोलीचे कुलूप काढले, यंत्रांवरची धूळ झटकली आणि त्यांतल्या त्यात शहाणे दिसणारे एक यंत्र चालू केले. मी पडलो मराठीचा शिक्षक. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. यंत्राशी माझे नाते दूरच्या पाहुण्यासारखे. लग्नकार्यात भेटावे, हसावे आणि पंगतीकडे सरकावे. म्हणून मदतीला नववीतला एक मुलगा घेतला होता. संकेतस्थळाचा पत्ता टाकला. पण अर्जाऐवजी पडद्यावर भलतेच पान उभे राहिले. माथ्यावर तांबडा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह आणि खाली इंग्रजी मजकूर.

माझा हात आपोआप मागे आला. मुलगा मात्र हसला.

“सर, थांबू नका. खाली ‘अॅडव्हान्स्ड’ आहे ना, ते दाबा. मग ‘प्रोसीड’ येतं, तेही दाबा. काही होत नाही.”

“काही होत नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळे तसंच करतात, सर.”

मी चष्मा पुसला आणि शिक्षकाच्या सवयीने ते पान पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतले. मौज अशी की कारण त्या पानावरच बारीक अक्षरांत लिहिलेले होते: तुमच्या यंत्राचे घड्याळ चुकले आहे. मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र बंद राहिले होते, आतली बॅटरी संपली होती आणि यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. त्याच्या हिशेबी समोरच्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नव्हते! तारीख दुरुस्त केली, पान पुन्हा उघडले, आणि अर्जाचा नमुना मुकाट्याने समोर आला.

अर्ज भरले गेले. पण मुलाचे ते ‘काही होत नाही’ माझ्या मनातून जाईना. कारण ज्या पानाला तो हसला, त्याच जातीच्या एका पानापाशी २०११ साली इराणमधला एक माणूस थांबला होता. तो थांबला म्हणून एका भल्यामोठ्या चोरीचा पडदा फाटला. ती हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयास थोडी कडू लागेल. पण कारेट्याची कडू चव चाखल्यावाचून आपल्याकडे पहिली अंघोळ पुरी होत नाही!

हकीकत कळावयास आधी थोडी मागची ओळख हवी. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत ज्या जाळ्याची कल्पना मांडली, ते मूळचे शास्त्रज्ञांनी एकमेकांना कागद दाखवावेत म्हणून. त्यात जाणारा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा असे. वाटेतल्या कोणालाही तो वाचता येई. शास्त्रज्ञांना त्याचे काही वाटले नाही. पण १९९४ च्या सुमारास त्या जाळ्यावर दुकाने मांडली जाऊ लागली. लोक पैसे देणार, कार्डाचे आकडे लिहिणार. ते पोस्टकार्डावर कसे लिहावेत? म्हणून नेटस्केप या कंपनीने १९९५ मध्ये आपल्या ब्राउझरात बंद पाकिटाची सोय केली. आज पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ अशी जी अक्षरे असतात, त्यांतला शेवटचा ‘एस’ तो हाच.

पाकीट कसे बंद करावयाचे, ही युक्ती अमेरिकेतील डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली जगापुढे ठेवली होती. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिला चालते रूप दिले. गणित अवघड, पण कल्पना सोपी आहे. समजा, मी शेकडो उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली मात्र माझ्या कनवटीला ठेवली. ज्याला मला गुप्त निरोप धाडावयाचा असेल त्याने तो पेटीत घालावा आणि माझे कुलूप चाप दाबून लावावे. लावणे कोणालाही जमते. उघडणे मला एकट्याला. झाली की नाही सोय?

सोय झाली, पण एक गोम राहिली. हाती आलेले कुलूप माझेच कशावरून? एखाद्या लबाडाने स्वतःचे कुलूप माझ्या नावाने वाटले तर लोक बिनघोर त्यात निरोप बंद करतील. तो वाटेत पेटी उघडील, वाचील, मग माझे खरे कुलूप लावून पेटी माझ्याकडे धाडील. मला पत्ता नाही, तुम्हांला पत्ता नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिलेल्या तोतयाने १७७६ साली पेशवाईला केवढा घोर लावला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. नुसत्या नावावर आणि तोंडवळ्यावर विश्वास ठेवला की असे होते. म्हणूनच जुन्या कारभारात पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे; मोर्तबानंतर घुसडलेली ओळ बाद. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे तो त्यामुळेच.

संगणकाच्या कुलपावर असा शिक्का मारण्याची कल्पना लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने १९७८ साली एमआयटीत सादर केलेल्या पदवीच्या प्रबंधात मांडली आणि त्या शिक्क्याच्या कागदाला ‘सर्टिफिकेट’ हे नाव दिले. शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनी पाहिला आहे; हे प्रमाणपत्र त्याचेच भावंड समजा. दाखल्यावर मुलाचे नाव असते, तारखा असतात, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असतो. परराज्यात जावयाचे असेल तर आमच्या मुख्याध्यापकांना तिकडे कोण ओळखतो? म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राचेही तेच. खालच्या सहीची खात्री वरची सही देते, तिची तिच्या वरची. आणि अगदी वरच्या, मूळ सह्यांची यादी तुमच्या ब्राउझरात किंवा यंत्रात आधीच भरून ठेवलेली असते. तुम्ही एखादे पान उघडता तेव्हा ब्राउझर निमिषात विचारतो: नाव हेच का? मुदत चालू आहे का? शिक्का ओळखीचा आहे का? या तिहींपैकी एकाचेही उत्तर बिनसले की ते पान पुढे येते.

आता हॉलंडला चला. तिथे बेव्हरवाइक या गावी डिजिनोटार नावाची कंपनी १९९८ पासून शिक्के मारण्याचाच धंदा करीत होती. तिचा जन्म नोटरी मंडळींच्या पुढाकाराने झालेला. नोटरी म्हणजे दस्तऐवजांच्या खरेपणाचे राखणदार. त्यामुळे तिच्या शिक्क्याला वजन होते. डच सरकारची पुष्कळशी संकेतस्थळे तिचीच प्रमाणपत्रे वापरीत, आणि जगातील सर्व मोठ्या ब्राउझरांच्या यादीत तिचे नाव होते.

१७ जून २०११ रोजी या कंपनीच्या यंत्रांत चोर शिरला. शिक्के कोरणारी यंत्रे एकमेकांशी अशी जोडलेली होती की एका दाराची किल्ली सर्व दारांना लागावी. परवलीचा शब्द दुबळा, आणि तपासनिसांनी पाहिलेल्या यंत्रांवर विषाणुरोधकही नव्हता. चोराने पैसे नेले नाहीत. त्याने शिक्काच वापरला! पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे त्याने तयार केली. त्यांतले एक १० जुलैचे होते, आणि ते गूगलच्या सर्व पत्त्यांना चालेल असे होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हे बनावट नाणे नव्हते. टाकसाळ खरी, ठसा खरा. फक्त तो मारणारा हात चोराचा. ब्राउझराने कितीही निरखून पाहिले तरी त्याला त्यात खोट सापडणार नव्हती. नाव बरोबर, मुदत बरोबर, शिक्का ओळखीचा. तेव्हा पान येणार कशाला?

कंपनीला १९ जुलैच्या सुमारास चोरीचा सुगावा लागला. तिने हाती लागलेली खोटी प्रमाणपत्रे रद्द केली, आणि मग ती गप्प बसली. ब्राउझर बनविणाऱ्यांना कळविले नाही, सरकारला कळविले नाही. गूगलच्या नावाचे ते एक प्रमाणपत्र मात्र तिच्या नजरेतून निसटले होते. अब्रू जाईल म्हणून घरातली चोरी झाकणारी माणसे आपण पाहतो. पण ज्याचा धंदाच विश्वासाचा, त्याने चोरी झाकली तर ती चोरी दुसऱ्यांच्या घरी चालू राहते.

तशी ती राहिली. ऑगस्टच्या आरंभापासून इराणमधील लोक आपली पत्रे वाचावयास जीमेल उघडीत, तेव्हा त्यांच्या आणि गूगलच्या मध्ये कोणी तिसराच बसलेला असे. त्याच्या हाती ते अस्सल शिक्क्याचे खोटे प्रमाणपत्र होते. पेटी उघडावी, वाचावी, पुन्हा बंद करून पुढे धाडावी. पुढे फॉक्स-आयटी या डच संस्थेने चौकशी केली. तिच्या अहवालानुसार सुमारे ३,००,००० वेगवेगळ्या जोडण्यांवरून या खोट्या प्रमाणपत्राशी गाठ पडली होती, आणि त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक इराणमधल्या होत्या. २००९ च्या निवडणुकीनंतर त्या देशात निदर्शने झाली होती आणि माणसांना तुरुंगही दिसले होते. अशा ठिकाणी कोणाचे पत्र कोणाच्या हाती पडते, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नसतो. बापाने मुलाला, मित्राने मित्राला विश्वासाने लिहिलेला शब्द तिथे पुरावा होऊ शकतो.

तीन लाख जोडण्या, आणि ब्राउझर गप्प. मात्र एक अपवाद होता. गूगलने त्याच वर्षी आपल्या क्रोम ब्राउझरात एक जादा सावधगिरी घातली होती. आपल्या स्वतःच्या संकेतस्थळांना कोणकोणत्या शिक्केवाल्यांची प्रमाणपत्रे असू शकतात, याची छोटी यादीच त्यात गोंदून ठेवली होती. बाकीचे ब्राउझर विचारीत, “शिक्का ओळखीचा आहे का?” क्रोमने आणखी विचारले, “ओळखीचा असेल. पण या घरचा आहे का?” नव्हता. आणि पान उभे राहिले.

२८ ऑगस्टच्या सुमारास इराणमधल्या एका माणसासमोर ते आले. दुसरा एखादा म्हणाला असता, आज यंत्र बिघडलेले दिसते. आणि दुसऱ्या ब्राउझरातून निर्धास्त आत शिरला असता. हा थांबला. त्याने त्या पानाचे चित्र आणि प्रमाणपत्राचा तपशील टिपून घेतला आणि गूगलच्या मदतकक्षात सर्वांसमक्ष विचारले की, माझ्या पत्रव्यवहाराच्या मध्ये कोणी बसला आहे काय?

बस्स, एवढेच. बाकी सारे त्या प्रश्नाने केले. दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, ते प्रमाणपत्र रद्द झाले. गूगल, मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट यांनी डिजिनोटारचे नाव आपापल्या यादीतून खोडावयास घेतले. ३ सप्टेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर डच गृहमंत्री पीट हाइन डोनर यांनी वार्ताहरांना बोलावून सांगितले की सरकारी संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची हमी आता देता येत नाही. कंपनीचा कारभार सरकारने हाती घेतला. २० सप्टेंबर २०११ रोजी कंपनीचे दिवाळे जाहीर झाले. तेरा वर्षे उभी असलेली पेढी एका शिक्क्याच्या चोरीने आणि सहा आठवड्यांच्या मौनाने बसली.

हे सारे परदेशातले, असे म्हणून आपल्याला हात झटकता यावयाचे नाहीत. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या शिक्क्याने गूगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलला आढळले. त्यावर भारतातील नियंत्रकांनी त्या केंद्राचे दुय्यम शिक्के दुसऱ्याच दिवशी रद्द केले. राखणदार कितीही मोठा असो, त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी डोळा लागतोच.

जाणत्यांनी या धड्यातून एक चांगला उपाय काढला. २०१३ साली गूगलमधील तज्ज्ञांनी सुचविले की, निघालेले प्रत्येक प्रमाणपत्र उघड्या वहीत नोंदले जावे; ज्याला हवे त्याने ती वही चाळावी आणि आपल्या नावाचा दाखला भलत्याने तर घेतला नाही ना, हे पाहावे. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेले प्रमाणपत्र अशा वहीत नसेल तर क्रोम ते मानीत नाही. मुदतीही आखडल्या. एके काळी प्रमाणपत्रे कित्येक वर्षे चालत. २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांची झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे २०२९ पर्यंत ही मुदत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर यावयाची आहे. शिक्का चोरीस गेलाच, तर निदान तो लवकर शिळा व्हावा!

पण यंत्रे सुधारली तरी माणसाचे काय? आमच्या नववीतल्या मुलाला हसण्यापूर्वी एक आकडा ऐका. २०१३ साली दोन संशोधकांनी अशी लाखो पाने लोकांसमोर आली तेव्हा लोकांनी काय केले हे तपासले. क्रोममध्ये १०० पैकी ७० वेळा लोक सरळ पुढे गेले. फायरफॉक्समध्ये ३३ वेळा. माणसे तीच, मग एवढा फरक का? याचे एक कारण असे की फायरफॉक्सात पुढे जावयास जास्त पायऱ्या चढाव्या लागत आणि क्रोममध्ये एका टिचकीने काम होई. दुसरे कारण आपल्याला इसापाच्या गोष्टीपासून ठाऊक आहे. लांडगा आला, लांडगा आला, अशी ओरड दहा वेळा खोटी ठरली की अकराव्या वेळी गावकरी अंथरुणातून उठत नाहीत. कोणा आळशी कारकुनाने मुदत वाढविली नाही, कोणी पैसे वाचवावयास स्वतःच स्वतःच्या दाखल्यावर सही केली, आणि अशा भलभलत्या कारणांनी ती पाने इतकी येत गेली की लोकांची भीड चेपली. दोष लोकांचा खरा. पण त्यांना खोट्या हाकांची सवय लावणाऱ्यांचा अधिक. पुढे ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमाने २०१५ पासून प्रमाणपत्रे फुकट द्यावयास आरंभ केला आणि ती आपोआप नवी करण्याची सोयही दिली, तेव्हा खोट्या हाकांचे एक मोठे निमित्तच गेले.

याचा अर्थ असा की आजकाल ते पान आले, तर ते पूर्वीपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावे. घ्यावे म्हणजे घाबरावे, असे नव्हे; वाचावे. आधी आपल्या यंत्राची तारीख पाहावी. आमच्या शाळेत झाले तसेच असेल तर दोन मिनिटांत निकाल लागतो. स्टेशनावरच्या किंवा लॉजमधल्या फुकटच्या वायफायवर असाल, तर पुष्कळदा त्या वायफायचे स्वतःचे नोंदणीचे पान मध्ये येऊ पाहत असते. ते जोडणे तोडून आपल्या फोनच्या जोडणीवरून तेच पान उघडून पाहावे. मुदत संपली असे लिहिले असेल तर संकेतस्थळवाल्याला कळवावे आणि उद्या यावे. नाव जुळत नाही किंवा शिक्का ओळखीचा नाही असे असेल, आणि पान बँकेचे, टपालाचे, सरकारी अर्जाचे असेल, तर परवलीचा शब्द तिथे प्राण गेला तरी लिहू नये. काही संकेतस्थळांवर ‘पुढे जा’ हा मार्गच ठेवलेला नसतो. तो बिघाड नव्हे. त्या संकेतस्थळानेच ब्राउझराला बजावून ठेवलेले असते की, शंका आली तर कोणालाही आत सोडू नकोस. आणि फोनवरून कोणी मधाळ आवाजात “ते पान येईल, तिकडे लक्ष देऊ नका, पुढे जा म्हणा” असे सांगू लागला, तर फोन खाली ठेवावा.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात पुष्कळ भली माणसे फसतात. प्रमाणपत्र नाव सांगते. नियत सांगत नाही. एक अक्षर इकडचे तिकडे करून बँकेसारखे दिसणारे नाव एखाद्या ठकाने घेतले, तर त्या नावाचे बिनचूक प्रमाणपत्र त्यालाही मिळते. पान येत नाही, पाकीट पक्के बंद असते. मात्र पाकीट ठकाच्याच घरी जाते! पूर्वी पत्त्याशेजारी लहानसे कुलूप दिसे आणि लोक त्याला सज्जनपणाची खूण समजत. हा गैरसमज वाढतो आहे असे पाहून क्रोमने २०२३ साली ते कुलूप काढूनच टाकले. तेव्हा पान आले तर थांबावेच. पण आले नाही म्हणून पत्त्यातली अक्षरे न वाचता आत शिरावे, असेही नाही.

असो. मी मुलांना व्याकरण शिकवितो. वाक्य वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, हे वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की हेच वाक्य संगणकाच्या खोलीतही सांगावयास हवे होते, आणि ते आपण कधी सांगितले नाही. त्या मुलाला कोणी पुढे जावयास शिकविले नव्हते. थांबावयास कोणी शिकविले नव्हते, एवढेच.

म्हणून मी त्याला इराणमधल्या त्या माणसाची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “सर, त्याला बक्षीस मिळालं का?”

मी म्हटले, “बक्षिसाचं मी कुठे वाचलं नाही. पण लाखो माणसांची पत्रं पुन्हा बंद पाकिटातून जाऊ लागली.”

दिवाळीत दारे उघडी असतात, पाहुण्यांची ये-जा असते. तरीही रात्री कडी वाजली की घरातली म्हातारी माणसे आतून आधी “कोण?” म्हणून विचारतात, आवाजाची ओळख पटली की मगच कडी काढतात. पाहुण्याला त्यात कधी अपमान वाटलेला नाही.